वायद्याची तारीख : संगणक-प्रोसेसरांच्या आगमनाविषयीची अनुमाने व त्यांचा इतिहास

प्रस्तुत विषयाकडे लक्ष वेधले गेले ते एका लहानशा प्रसंगामुळे. इ. स. १९९२-९३ या आर्थिक वर्षात धंतोलीतील एका शिक्षणसंस्थेच्या खरेदी-समितीवर प्रस्तुत लेखक सभासद होता. संस्थेला संगणकांसाठी अनुदान मंजूर झाले होते, आणि '४८६' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रोसेसरची यंत्रे मागणी नोंदविल्यास नागपुरात मिळण्यासारखी होती. तथापि समितीतील एका बहुश्रुत सभासदाने असे निदर्शनास आणले की, '५८६' हा नवा प्रोसेसर लवकरच येणार असल्याच्या वार्ता इंग्रजी नियतकालिकांतून येत आहेत. तेव्हा जुना माल घेऊन पुढे पश्चात्ताप करण्यापेक्षा चार महिने थांबणे शहाणपणाचे ठरेल. समितीने तसा ठराव केला. '५८६' हा 'पेंटियम' असे नाव धारण करून दि. २२ मार्च १९९३ रोजी अमेरिकेत प्रकट झाला. अनुदानाची मुदत दि. ३१ मार्च रोजी संपली आणि रक्कम परत गेली. त्या वर्षी शेवटच्या वर्गात असलेले विद्यार्थी संगणकाला हात न लावताच संस्थेतून बाहेर पडले.

या प्रसंगात विचार करण्यासारखी गोष्ट ही की, त्या सभासदाचे अनुमान चुकले नव्हते. प्रोसेसर त्यांनी सांगितलेल्या सुमारासच आला. अनुमान बरोबर आणि निर्णय मात्र चूक, हे कसे घडले? संगणकाच्या प्रोसेसरची, म्हणजे यंत्रातील सर्व आकडेमोड जिच्यावर चालते त्या मुख्य चिपची, आगमनतिथी आधी ताडण्याचा उद्योग आज साठ वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्याचा इतिहास पाहता असे दिसते की, तारीख खरी ठरली की खोटी, या प्रश्नाइतकाच दुसरा एक प्रश्न महत्त्वाचा आहे. तो म्हणजे, वाट पाहण्याचे मोल कोणी दिले? प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाच्या अनुरोधाने काही घटनांचा परामर्श घेण्याचे योजिले आहे.

१. भाकीत आणि वायदा

भावी तारीख सांगण्याचे दोन प्रकार आपल्या समाजाला पूर्वीपासून परिचित आहेत. पहिला प्रकार ज्योतिर्गणिताचा. दि. २२ जानेवारी १८९८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया महाराष्ट्र व वऱ्हाड यांवरून जाणार हे गणिताने पुष्कळ आधी ठाऊक होते. त्यानुसार कोकणात विजयदुर्ग, सोलापूरकडे जेऊर आणि वऱ्हाडात तळणी येथे देशोदेशींच्या शास्त्रज्ञांनी आपल्या दुर्बिणी आगाऊ आणून उभ्या केल्या. ग्रहण ठरल्या क्षणी लागले. येथे भाकीत करणाऱ्याचा भाकिताच्या विषयावर काडीइतकाही ताबा नसतो. ग्रहणाची तारीख कोणी सांगितली वा न सांगितली, तरी चंद्राची गती बदलत नाही.

दुसरा प्रकार वायद्याचा. नागपूर-वऱ्हाडच्या वाचकास तो समजावून सांगण्याचे कारण नाही. इ. स. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपुरास पोहोचला, १८७५ मध्ये मुंबईस बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन स्थापन झाली, आणि दि. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. कापूस शेतात उभा असतानाच त्याचा सौदा करण्याची पद्धत या काळात पक्की झाली. वायद्यात मालाची प्रत ठरते, दर ठरतो आणि तारीखही ठरते. विशेष म्हणजे तारीख चुकविणाऱ्यास फरक भरावा लागतो. १९५२ साली केंद्र सरकारने वायदे व्यवहारांचे नियमन करणारा कायदा केला, तो या व्यवहारात कोणाची जोखीम कोणावर पडते हे कायद्याने बांधून घेण्यासाठीच होय.

प्रोसेसरच्या आगमनाची घोषणा या दोहोंत बसत नाही. ती करणारा कारखानदारच माल तयार करणारा असल्यामुळे ती भाकीत नव्हे. परंतु तारीख टळल्यास तो ग्राहकाला फरक देत नाही, म्हणून ती खरा वायदाही नव्हे. तिचा परिणाम मात्र वायद्यासारखाच होतो. लोक आपली खरेदी थांबवितात, प्रतिस्पर्धी आपल्या योजना बदलतात, आणि सरकारी समित्या ठराव करतात. वायद्याची सत्ता आणि भाकिताची बेजबाबदारी यांचा हा संयोग या सर्व इतिहासाच्या मुळाशी आहे.

२. मूर यांचे अनुमान वेळापत्रक कसे झाले

दि. १९ एप्रिल १९६५ च्या 'इलेक्ट्रॉनिक्स' या नियतकालिकात गॉर्डन मूर यांचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. मूर त्या वेळी फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर या संस्थेत संशोधन विभागाचे प्रमुख होते. सर्वांत स्वस्त पडेल अशा रीतीने एका चिपवर किती घटक मावू शकतात, याचे मागील काही वर्षांचे आकडे त्यांनी मांडले, आणि ही संख्या दरवर्षी दुप्पट होत असल्याने १९७५ पर्यंत ती सुमारे ६५,००० होईल असे अनुमान केले. १९७५ साली त्यांनी स्वतःच दुपटीचा काळ वाढवून सुमारे दोन वर्षे केला. 'मूरचा नियम' म्हणून जो जगप्रसिद्ध आहे तो हाच.

मूळ लेख पाहता ते निसर्गनियमाचे कथन नव्हते. खर्चाचा हिशेब होता. परंतु १९६८ साली मूर यांनी रॉबर्ट नॉइस यांच्यासह इंटेल ही कंपनी स्थापन केली, आणि अनुमान करणारा व ते खरे करून दाखविणारा हे एकाच ठिकाणी आले. पुढे साऱ्या उद्योगाने हे अनुमान आपल्या कामाचे वेळापत्रक म्हणून स्वीकारले. भिंगे करणाऱ्याने कोणत्या वर्षी किती सूक्ष्म रेषा उमटविता आली पाहिजे, रसायने पुरविणाऱ्याने कोणती शुद्धता गाठली पाहिजे, हे आधीच ठरू लागले. १९९८ पासून या वेळापत्रकास आंतरराष्ट्रीय स्वरूप आले. त्याची शेवटची आवृत्ती २०१६ साली निघाली, आणि नंतर तो उपक्रम त्या रूपात बंद झाला.

याचा एक परिणाम असा झाला की, प्रोसेसरची तारीख ताडणे सामान्य माणसासही शक्य वाटू लागले. इंटेलचा ८०२८६ हा प्रोसेसर १९८२ मध्ये आला, ८०३८६ हा १९८५ मध्ये, ८०४८६ हा १९८९ मध्ये. तीन-चार वर्षांचे अंतर धरून पुढचा केव्हा येईल हे बोटांवर मोजता येत होते. धंतोलीतील आमच्या सभासदाने केले ते हेच. पेंटियमच्या निर्मितीत ज्यांचा मोठा वाटा होता ते विनोद धाम हे पुण्यात जन्मलेले, ही गोष्ट मात्र त्या वेळी समितीत कोणास ठाऊक नव्हती.

तथापि या नियमित मालिकेच्या आरंभीच एक अपवाद आहे, आणि तो बोधप्रद आहे. १९७५ च्या सुमारास इंटेलने भविष्यातील आपला प्रमुख प्रोसेसर म्हणून एका महत्त्वाकांक्षी रचनेचे काम हाती घेतले. ते रेंगाळले. तोवर बाजारात काही तरी असावे म्हणून तात्पुरती सोय या भावनेने ८०८६ हा प्रोसेसर घाईने तयार करण्यात आला व जून १९७८ मध्ये विक्रीस आला. मूळ महत्त्वाकांक्षी रचना '४३२' या नावाने १९८१ मध्ये अवतरली आणि थोड्याच वर्षांत विस्मृतीत गेली. ८०८६ चा धाकटा भाऊ ८०८८ हा मात्र ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात बसला, आणि आज टेबलावर दिसणाऱ्या बहुसंख्य संगणकांतील प्रोसेसर त्याच वंशातले आहेत. ज्याची सर्वांना प्रतीक्षा होती तो टिकला नाही. ज्याची कोणी फारशी वाट पाहिली नव्हती त्याचा वंश वाढला.

३. तारीख का टळते

तारखा का टळतात हे समजण्यासाठी निर्मितीची रीत थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. रचना कागदावर पूर्ण झाली की ती कारखान्याकडे सोपविली जाते. या टप्प्यास 'टेप-आउट' म्हणतात. तिच्यावरून मास्क, म्हणजे ज्यांतून प्रकाश पाडून सिलिकॉनच्या चकतीवर रेषा उमटवितात ते साचे, तयार होतात. चकती शेकडो क्रियांमधून जाऊन बाहेर पडण्यास साधारणपणे दोन-तीन महिने लागतात. मग पहिले नमुने हाती येतात व त्यांची परीक्षा सुरू होते. दोष आढळला तर रचना दुरुस्त करून साचे पुन्हा घडवावे लागतात आणि चकतीची यात्रा नव्याने सुरू होते. म्हणून एखादी लहानशी चूकही एका आठवड्याने निस्तरत नाही. ती अख्ख्या फेरीचा विलंब घडविते. पाऊस एक दिवस उशिरा आला म्हणून पेरणी एक दिवसाने लांबते, तसा हा प्रकार नाही. हंगाम चुकला की पुढील हंगामाचीच वाट पाहावी लागते, तसा आहे.

घाईचा दुसरा धोका पेंटियमनेच दाखविला. १९९४ साली व्हर्जिनियातील लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक टॉमस नाइसली यांस असे आढळले की, काही विशिष्ट संख्यांचा भागाकार हा प्रोसेसर चुकीचा करतो. प्रथम टाळाटाळ झाली. परंतु डिसेंबर १९९४ मध्ये मागेल त्यास प्रोसेसर बदलून देण्याचे इंटेलला मान्य करावे लागले, व त्यापायी ४७.५ कोटी डॉलरांचा भार कंपनीने आपल्या हिशेबात दाखविला. या एका प्रसंगी चुकीचे मोल कारखानदाराने दिले. इतिहासात असे प्रसंग थोडेच आहेत.

विलंबाचे तिसरे कारण पदार्थविज्ञानाचे. नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ हा १.४ व १.५ गिगाहर्ट्‌झ वेगाने आला, तेव्हा दहा वर्षांत वेग १० गिगाहर्ट्‌झ होईल अशी भाषा खुद्द उद्योगात ऐकू येत होती. परंतु चिप तापू लागली. २००४ मध्ये ४ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४ रद्द झाला, आणि इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत व्यासपीठावर गुडघे टेकून त्याबद्दल क्षमा मागितली. ही क्षमायाचना विनोदी ढंगाची होती, तरी तिच्यामागील वस्तुस्थिती गंभीर होती. रेषेचा उतार पाहून केलेले अनुमान उष्णतेच्या भिंतीवर आदळले होते.

याहून मोठा विलंब पुढे घडला. २००७ च्या सुमारापासून इंटेलने एक वर्ष सूक्ष्मतर निर्मितीप्रक्रिया व दुसरे वर्ष नवी रचना असा क्रम जाहीर करून बरीच वर्षे पाळला. त्यामुळे ताडणारांचे काम सोपे झाले. ऑगस्ट २०१५ मध्ये टेबलावरील संगणकांसाठी १४ नॅनोमीटर प्रक्रियेचा 'स्कायलेक' आला. पुढची पायरी १० नॅनोमीटरची. तिची तारीख प्रथम २०१७ च्या उत्तरार्धावर आणि नंतर २०१९ वर गेली. टेबलावरील संगणकांसाठी त्या प्रक्रियेचा पहिला प्रोसेसर, 'ॲल्डर लेक', नोव्हेंबर २०२१ मध्ये आला. एकाच वेळी फार मोठी झेप घेण्याचा प्रयत्न या विलंबाच्या मुळाशी होता. सहा वर्षे ग्राहक १४ नॅनोमीटरच्याच सुधारून वाढविलेल्या आवृत्त्या घेत राहिला. या अवधीत एएमडीचा 'रायझन' मार्च २०१७ मध्ये आला, आणि जुलै २०१९ मध्ये त्याच कंपनीने तैवानमध्ये ७ नॅनोमीटर प्रक्रियेने घडविलेले प्रोसेसर विक्रीस आणले. नियमित वेळापत्रकाच्या सवयीने ज्यांनी अनुमाने केली, त्यांची फसगत इतरांहून अधिक झाली.

४. घोषणा : शस्त्र आणि आत्मघात

तारीख जाहीर करणे हे शस्त्र म्हणूनही वापरले गेले आहे. १९६३ साली कंट्रोल डेटा कॉर्पोरेशनने ६६०० हे त्या काळचे सर्वांत वेगवान यंत्र जाहीर केले. ऑगस्ट १९६४ मध्ये आयबीएमने आपल्या ३६० मालिकेत त्याच्या तोडीचे यंत्र येणार असल्याचे सांगितले. ते यंत्र ग्राहकाच्या दारी पोहोचण्यास १९६७ उजाडले. परंतु दरम्यान कंट्रोल डेटाचे पुष्कळ संभाव्य ग्राहक थबकले. डिसेंबर १९६८ मध्ये कंट्रोल डेटाने न्यायालयात धाव घेतली. आयबीएमने केवळ कागदावर असलेली यंत्रे विकली, हा तक्रारीचा गाभा होता. जानेवारी १९७३ मध्ये तडजोड होऊन आयबीएमला आपली एक उपकंपनी कंट्रोल डेटाच्या स्वाधीन करावी लागली. फरक भरावा लागला तो असा, आणि तोही प्रतिस्पर्ध्यास. थांबलेल्या ग्राहकास काही मिळाले नाही.

हेच शस्त्र उलटल्याचे उदाहरण म्हणून अ‍ॅडम ऑस्बर्न यांचे नाव घेतले जाते. बालपणाचा काही काळ तमिळनाडूत घालविलेल्या व पुढे २००३ मध्ये कोडाईकनाल येथे निवर्तलेल्या या गृहस्थांनी १९८१ मध्ये हातात धरून नेता येईल असा संगणक विकण्यास काढला. १९८३ मध्ये पुढच्या संगणकाची वार्ता आधीच फुटली, लोकांनी चालू संगणक घेणे थांबविले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कंपनीचे दिवाळे निघाले, अशी ही कथा आहे. कंपनीच्या नाशास हिशेबातील गोंधळ व प्रतिस्पर्ध्यांचे चांगले यंत्र ही कारणेही होती, असे मत नंतरच्या अभ्यासकांनी मांडले आहे, आणि ते ग्राह्य वाटते. पण कारखानदारांनी या कथेपासून जो धडा घेतला तो खरा आहे. चालू माल संपेपर्यंत नव्या मालाची तारीख तोंडातून निघू द्यायची नाही, हा आज सार्वत्रिक नियम आहे, आणि बाहेरच्यांना अनुमाने करावी लागतात ती मुख्यतः यामुळे.

तिसरे उदाहरण इटॅनियमचे. १९९४ मध्ये इंटेल व ह्यूलेट-पॅकार्ड यांनी नव्या जातीचा प्रोसेसर संयुक्तपणे घडविण्याचे जाहीर केले. १९९०च्या दशकाच्या अखेरीस यावयाचा तो मे २००१ मध्ये आला, आणि अपेक्षेहून मंद निघाला. पण तो येणार या विश्वासावरच अन्य कारखानदारांनी आपापल्या प्रोसेसरांची वाढ आखडती घेतली. जून २००१ मध्ये कॉम्पॅकने अल्फा हा नामांकित वंश बंद करण्याचे जाहीर केले. न आलेल्या वस्तूने असलेल्या वस्तू नाहीशा केल्या. भाकितात असे सामर्थ्य नसते. ते वायद्यात असते.

५. मुंबई आणि पुणे

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. दूरदेशी ठरणाऱ्या तारखांचा येथील कर्तृत्वावर काय परिणाम झाला, हे येथील दोन यंत्रांच्या इतिहासावरून समजते. ही यंत्रे टेबलावरील संगणकाहून पुष्कळ मोठी होती. तथापि प्रतीक्षेचा प्रश्न दोन्हींकडे एकच आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रा. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली संगणक बांधण्याचे काम १९५० च्या दशकाच्या मध्यास सुरू झाले. प्रायोगिक यंत्र १९५६ मध्ये चालू झाले आणि पूर्ण यंत्र १९६० मध्ये. त्यास पुढे 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारे हे यंत्र पूर्ण झाले, तोवर परदेशांत ट्रान्झिस्टरचे संगणक विक्रीस आले होते. १९६४ मध्ये त्याच संस्थेत कंट्रोल डेटाचे ३६०० हे यंत्र बसविण्यात आले. टिफ्रॅकच्या कर्त्यांनी ट्रान्झिस्टरची वाट पाहावयास हवी होती काय? आमच्या मते मुळीच नाही. त्या यंत्रावर जी माणसे तयार झाली तीच पुढील यंत्रे चालविण्यास व नवी पिढी शिकविण्यास उपयोगी पडली. थांबले असते तर १९६४ मध्ये आलेल्या यंत्रासमोर उभे राहण्यास अनुभवी माणसे कमी पडली असती.

दुसरा प्रसंग पुण्याचा. १९८० च्या दशकात अमेरिकेकडून अत्यंत वेगवान क्रे यंत्र मिळविण्याच्या मार्गात निर्यात-निर्बंधांचे अडथळे आले. त्या पार्श्वभूमीवर मार्च १९८८ मध्ये पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजे सी-डॅकची, स्थापना झाली. त्याचे पहिले प्रमुख डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून त्यांनी १९६५ साली पदवी घेतली. मूर यांचा लेख प्रसिद्ध झाला तेही हेच वर्ष. तीन वर्षांत महासंगणक तयार करण्याचे काम केंद्रावर सोपविण्यात आले होते, आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' जगापुढे आला.

हा वायदा पाळला गेला याचे एक कारण यंत्राच्या रचनेतच दिसते. परम ८००० मध्ये इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे टी-८०० जातीचे ट्रान्सप्यूटर, म्हणजे परस्परांशी जोडता येण्याजोगे प्रोसेसर, अनेक संख्येने एकत्र राबविले होते. टी-८०० हा १९८७ पासून उपलब्ध होता. वेग मिळविला तो असलेल्या अनेकांना कामास जुंपून. न आलेल्या एकाची वाट पाहून नव्हे.

याची दुसरी बाजू लगेच पाहावयास मिळाली. इन्मॉसने टी-८०० चा दसपट वेगवान वारस म्हणून टी-९००० ची घोषणा केली. त्याचा संकल्पित वेग ५० मेगाहर्ट्‌झ होता. प्रत्यक्षात तो वर्षानुवर्षे रेंगाळला, संकल्पित वेग त्याने कधी गाठला नाही, आणि अखेरीस तो सोडून देण्यात आला. जर्मनीतील आखेनच्या पार्सिटेक कंपनीने आपले मोठे यंत्र याच प्रोसेसरवर योजिले होते. तिला आयत्या वेळी पॉवरपीसी या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरकडे वळावे लागले. पुण्यात परम ८६०० मध्ये ट्रान्सप्यूटरच्या जोडीस इंटेलचा आय-८६० घेण्यात आला, आणि पुढे परम ९००० ची रचनाच अशी केली गेली की, नवे प्रोसेसर येतील तसे ते तीत बसविता यावेत. १९९८ च्या परम १०००० मध्ये अल्ट्रास्पार्क जातीचे प्रोसेसर होते. एका कारखान्याच्या तारखेवर सारी मदार ठेवावयाची नाही, हे तत्त्व या मालिकेत क्रमाने रुजलेले दिसते.

६. बखर आणि दप्तर

तारखा ताडणारे कशाच्या आधारे ताडतात, हाही इतिहासाच्या अभ्यासकास रस वाटावा असा प्रश्न आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून बखरीची कथा आणि दप्तरातील अस्सल कागद यांतील भेद मराठी अभ्यासकाच्या अंगवळणी पडला आहे. तोच भेद येथेही लागू पडतो.

कारखानदाराची घोषणा हे पहिले साधन. ते अधिकृत असले तरी हेतुपुरस्सर रचलेले असते, आणि त्यातील शब्द पारखून घ्यावे लागतात. जाहीर होणे, कारखान्यातून निघणे आणि दुकानात मिळणे या तीन भिन्न घटना आहेत. इंटेलचा 'ब्रॉडवेल' सप्टेंबर २०१४ मध्ये पातळ संगणकांसाठी प्रकट झाला. टेबलावरील संगणकासाठी तो २०१५ च्या मध्यास आला. दोन्ही तारखा खऱ्या, पण कोणाची तारीख कोणती हे पाहिल्याविना त्यांचा उपयोग नाही.

कर्णोपकर्णी आलेल्या वार्ता हे दुसरे साधन. यांत तथ्य असतेही. परंतु बखरीप्रमाणे त्यांत कर्त्याचा पक्ष, हौस आणि ऐकीव भर यांची सरमिसळ असते. एकाच मूळ वार्तेच्या दहा आवृत्त्या म्हणजे दहा साक्षी, असे समजण्याची चूक येथे सर्रास होते.

तिसरे साधन दप्तराचे, आणि त्यात भारताचा अनपेक्षित वाटा आहे. बंगळूर व हैदराबाद येथे परदेशी कंपन्यांची रचना-केंद्रे असल्यामुळे, बाजारात न आलेल्या चिपांचे नमुने परीक्षेसाठी विमानाने भारतात येत. २०१० नंतरच्या दशकात काही वर्षे भारताच्या आयात-निर्यातीच्या नोंदी 'झौबा' या संकेतस्थळावर कोणासही पाहता येत होत्या. त्यांतील मालाचे वर्णन, संख्या व किंमत वाचून, कोणता नमुना कोणत्या टप्प्यावर आहे हे जगभरचे जिज्ञासू ताडू लागले. जकातीच्या कारकुनाने कोणत्याही पक्षाची बाजू न घेता केलेली ही नोंद पेशवे दप्तरातील जमाखर्चाच्या कागदाइतकीच निःपक्षपाती होय. तथापि तिची मर्यादाही तीच. फौज कूच करून गेल्याची नोंद सापडली, म्हणजे लढाई केव्हा झाली हे कळत नाही. नमुना हलला एवढेच ती सांगते. विक्रीची तारीख सांगत नाही.

आणि अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत ती निश्चित नसते. जुलै २०२४ मध्ये एएमडीने आपल्या रायझन ९००० मालिकेची दि. ३१ जुलै ही स्वतःच जाहीर केलेली तारीख अवघा एक आठवडा उरला असताना मागे घेतली. पहिल्या मालाची प्रत अपेक्षेप्रमाणे नाही असे कारण देऊन काही प्रोसेसर दि. ८ ऑगस्टला, काही दि. १५ ऑगस्टला विक्रीस आणले. हा विलंब लहान होता, आणि सदोष माल विकण्यापेक्षा तो शतपटीने बरा. पण जेथे कर्त्यालाही आठ दिवसांपलीकडचे खात्रीने सांगता येत नाही, तेथे दूरस्थाने चार महिन्यांचे अनुमान कोणत्या बळावर करावे?

७. उपसंहार

धंतोलीच्या त्या समितीकडे पुन्हा पाहू. समितीने तारखेचा विचार केला. तारीख खरी ठरल्यास काय आणि खोटी ठरल्यास काय, या हिशेबाचा विचार केला नाही. तो केला असता तर हे उघड दिसले असते की, प्रोसेसर अमेरिकेत जाहीर झाला तरी त्याची यंत्रे ३१ मार्चपूर्वी नागपुरात येऊन, निविदा निघून, देयक मंजूर होणे अशक्यच होते. म्हणजे अनुमान खरे ठरल्यानेही संस्थेचा काही लाभ नव्हता. दुसऱ्या बाजूस जी हानी होणार होती ती समितीच्या सभासदांची नव्हती, कारखानदाराची नव्हती, वार्ता छापणाऱ्या नियतकालिकाचीही नव्हती. ती त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांची होती, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते.

वरील इतिहासातून खरेदी करणाऱ्या संस्थांनी घ्यावयाची शिकवण मर्यादित पण स्पष्ट आहे. जे काम आज अडले आहे ते आज मिळणाऱ्या साधनाने करावे, आणि साधनाची रचना अशी असावी की पुढचे आल्यास ते बसविता यावे. पुण्याच्या परम मालिकेने हे दोन्ही केले. वाट पाहावयाचीच असेल तर वायदेबाजारातील साध्या व्यापाऱ्याप्रमाणे आधी विचारावे की, तारीख टळली तर फरक कोण भरणार? या प्रश्नास जेथे उत्तर नसते, तेथे फरक आपल्यालाच, किंवा आपल्या भरवशावर असलेल्यांना, भरावा लागतो.

अनुमाने करण्याचा छंद काही वाईट नाही. त्याने उद्योगाच्या अंतरंगाचे ज्ञान वाढते, आणि कागदाची पारख करण्याची सवय लागते. प्रस्तुत लेखक आजही नव्या प्रोसेसरांच्या तारखांविषयी कुतूहलाने वाचतो. मात्र त्या ठरावाखाली इतर सभासदांबरोबर त्याचीही सही होती, याची नोंद येथे करणे त्यास आवश्यक वाटते.